एक-तीन-चार-दोन ही छपाईची चूक

६ एप्रिल, रविवार, सकाळी
गाडी आली. लाल, दोन सीटची, स्पोर्ट्स. पुण्याहून लातूरला टेम्पोवर चढवून आली. टायर झिजू नयेत म्हणून, असं आधीच्या मालकाने सांगितलं. आजकाल अशी काळजी घेणारी माणसं कुठे भेटतात?
गल्ली जमली. सिंधु दारात येऊन म्हणाली, अहो, ह्याच्यात बसायचं का झोपायचं? आमच्या हिला स्पोर्ट्स कार कळत नाही. ती बुटकीच असते.
किल्ली फिरवली, सुरू झाली. फक्त मधेच एक ठोका चुकवते. थोडा वेळ नीट पळते, मग गचका देते, मग पुन्हा पळते. याला मिसफायर म्हणतात. चार सिलिंडरपैकी एक कामचुकार असतो. आयुष्य फिजिक्सच्या वर्गातले कामचुकार हुडकण्यात गेलं. इथे तर चारच विद्यार्थी.
संकल्प: मिसफायर पुढच्या रविवारच्या आत काढणे. मेकॅनिकला हात लावू न देणे.

७ एप्रिल, सोमवार
अकरा मेला आमच्या लेकीचं, सुकन्याचं लग्न. मुलगा नांदेडचा, शिवम. रेल्वेत हिशेबाच्या खात्यात. पाठवणी याच गाडीतून होणार. मी चालवणार, ती शेजारी.
कुणाला सांगितलं नाही, इथे लिहितो. ती शाळेत होती तेव्हा माझ्या पहाटेच्या बॅचेस. कॉलेजात गेली तेव्हा संध्याकाळच्याही. दोष माझा नाही, लातूर पॅटर्नचा आहे. पण अहमदपूर, लोहा, नांदेड, एवढा रस्ता ती आणि मी. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. काहीतरी बोलूच. म्हणूनच दोन सीटची घेतली. मागे सीट असली की तिच्यावर एखादी आत्या येऊन बसतेच.

१० एप्रिल, गुरुवार
सिंधुने विचारलं, मग शिवम कुठं बसणार?
हा मुद्दा माझ्या लक्षात आधीच आला होता. म्हणजे आज आला. गाडी शिवमने चालवावी असं ती सुचवून पाहत होती. अशक्य. या गाडीला स्वभाव आहे, परक्या माणसाला ती दाद देणार नाही. निर्णय: नवरदेव मागून व्याह्यांच्या गाडीत येईल.
सिंधु म्हणाली, अहो, लगीन कोणाचं हाय?
प्रश्न चांगला आहे. इथे लागू नाही.
शिवमला फोन केला. म्हणाला, हाव मामा, मी येतो की मागून. गुणी पोरगा. सुकन्या बाजूलाच होती, हसत होती. म्हणाली, पप्पा, मी बसते तुमच्याजवळ, पण गाडी चालू करून दाखवा आधी.

१३ एप्रिल, रविवार
मेहुणा आला. रविकांत. आल्या आल्या म्हणाला, दाजी, माझी पांढरी न्या की, सात माणसं बसत्यात आरामात. त्याला सांगितलं, ही पाठवणी आहे, वऱ्हाडाची ट्रिप नव्हे. म्हणाला, मग ऱ्हाऊ द्या, पण मी माझी धुऊन ठिवतो.
त्याच्या या वाक्याचा मला राग आला. अजून आहे.
मिसफायर आज निघणार होता. राग आल्यामुळे हातात स्थिरता राहिली नाही. पुढचा रविवार नक्की.

१६ एप्रिल, बुधवार
निदान सुरू. पद्धत आपलीच. चार पर्याय घ्या, तीन बाद करा, उरलेला बरोबर. उत्तर समजलंच पाहिजे असं नाही. या पद्धतीवर लातूरची निम्मी पोरं डॉक्टर झाली.
(अ) पेट्रोल. वास घेतला. पेट्रोलच आहे. बाद.
(ब) हवा. एप्रिलातली लातूरची हवा गरम आहे, पण हवा आहे. बाद.
उरले (क) प्लग आणि (ड) वायर. एका बैठकीत निम्मा पेपर सोडवला. बाकीचा उद्या.

१७ एप्रिल, गुरुवार
सिंधुने माझ्या मागे संगप्पा मेस्त्रीला बोलावून आणलं. त्याने बॉनेट उघडलं. आत इंजिन नव्हतं. डिकी निघाली. तो दचकला. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे असतं, हे मी त्याला समजावून सांगितलं. (मलाही पहिल्या दिवशी जरा वेळ लागला होता.) पुष्कळ वेळ बघून म्हणाला, सर, हिला नजर लागली हाय. लिंबू-मिरची बांधा.
विज्ञानाचा शिक्षक आहे मी. स्पष्ट नकार दिला.

१८ एप्रिल, शुक्रवार
लिंबू-मिरची बांधली. सिंधुच्या समाधानासाठी. (क) आणि (ड) यांच्याशी संबंध नाही.

२० एप्रिल, रविवार, दुपारी
ट्रायल. लातूर ते औसा. जाताना उत्तम. औशाचा किल्ला दिसेपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही. किल्ला दिसल्यावर थांबली.
येताना कडब्याच्या ट्रॅक्टरमागे दोरीने. ट्रॅक्टरवाला पंढरी म्हणून होता. रस्ताभर मागे वळून बघत होता. म्हणाला, सर, हिला बैल जुपता येत्यात का? एसटी थांबवून लोक फोटो काढत होते. लाल रंगाचं आकर्षण असतंच.
महत्त्वाचं निरीक्षण: ओढून आणताना इंजिन एकदाही मिसफायर झालं नाही. म्हणजे सुधारणा आहे.

२४ एप्रिल, गुरुवार
प्लग नवे टाकले. गचका तसाच. (क) बाद. उरली वायर. पद्धत चुकत नाही.
मग हजेरी घेतली. इंजिन चालू ठेवून प्लगची एकेक वायर उपटायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर कामाला होता. फरक पडला नाही तर तोच कामचुकार. एक नंबरच्या वायरीने मला झटका दिला. खांद्यापर्यंत. तिच्यात करंट आहे हे सिद्ध झालं. सिंधु म्हणाली, तुमचे केस उभे राहिल्यात.
दोन नंबरची उपटली. काहीही फरक नाही!
सापडला. दोन नंबर. शेवटच्या बाकावरचा. आनंदाने मी ओरडलो तेव्हा समोरच्यांना वाटलं पुन्हा झटका बसला. वायर वाकवून पाहिली, आतून तुटलेली होती.
रविकांतला फोन करून सांगितलं, गाडी धुवायची गरज नाही.

२९ एप्रिल, मंगळवार
शिवमने नांदेडहून नवी वायर पाठवली. लातुरात मिळाली नाही. मिळालीही असती, पण मी विचारलं नाही. जावयाला थोडा सहभाग हवा.
चारही वायरी एकदम काढल्या, स्वच्छ पुसल्या. आता परत लावायच्या. इंजिनच्या झाकणावर क्रम छापलेला आहे: एक, तीन, चार, दोन.
आता हे काय? आपल्या हजेरीपटात असं लिहिलं तर मुख्याध्यापक घरी बसवतील. उघड छपाईची चूक. कारखान्यातल्या कुणाचंही लक्ष गेलं नाही. एवढी वर्षं हे इंजिन चुकीच्या क्रमाने चालत होतं, मग गचके देईल नाही तर काय.
शिवम फोनवर म्हणाला, मामा, लिवलंय तसंच लावा, त्यात कायतरी कारण असंल. त्याला प्रेमाने सांगितलं की तू हिशेबातला माणूस, हा विषय इंजिनचा आहे. वायरी एक, दोन, तीन, चार अशा लावल्या. चुकीच्या छपाईवर खिळ्याने रेघ मारली.

३० एप्रिल, बुधवार
गाडी आता मिसफायर करत नाही.
सुरूही होत नाही. पण किल्ली फिरवली की सायलेन्सरमधून बार काढते. मोठा. पूर्वी एवढी ताकद नव्हती. आत साठलेला कार्बन बाहेर पडत असावा. समोरच्या घरातली म्हातारी विचारून गेली, नवरदेव आला का?

४ मे, रविवार
बार चालूच. कार्बन बराच होता म्हणायचा. बॅटरी बदलली. बार आणखी खणखणीत झाला.
आधीच्या मालकाला फोन लावला. नंबर अस्तित्वात नाही असं बाई म्हणाली. परदेशी गेला असावा. हुशार माणसं थांबत नाहीत इथे.

८ मे, गुरुवार
सुकन्या येऊन गाडीत बसली. आपली आपण. दार लावून घेतलं, म्हणाली, पप्पा, या, बसा. बसलो. ती म्हणाली, चालू नका करू, असंच बसू.
मला वाटलं, आता हिला सांगावं. काय सांगावं ते जुळवत होतो, तेवढ्यात मनात आलं की इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी आपण तपासलीच नाही. पर्याय (इ)! ताबडतोब उतरलो. टॉर्च घेऊन आलो तर ती आत गेली होती. मेंदीवाली आली होती म्हणे.
पट्टी खालच्या बाजूने आहे. त्यासाठी गाडीखाली झोपावं लागेल. उद्या.

९ मे, शुक्रवार
पाहुणे. पट्टी राहिली.

११ मे, रविवार, सकाळी
लग्न. गाडी मंगल कार्यालयाच्या दारात पोचली. भाच्यांनी ढकलत आणली. झेंडूच्या माळा चढवल्या. देखणी दिसते. पलीकडे रविकांतची पांढरी उभी आहे. धुतलेली.
बेत पक्का: अक्षता पडल्या की पंगतीच्या वेळात पट्टी आवळणे. पाठवणीला गाडी तयार. आज वाटतंय, नक्की होणार.

११ मे, संध्याकाळी
लग्न झालं. छान झालं.
पंगत चालू असताना एकदा किल्ली फिरवली. बार निघाला. मागे व्याही बसलिंगप्पा उभे होते, त्यांच्या फेट्याला काजळी लागली. फेटा झटकून म्हणाले, दिवस बुडायच्या आत सून घरात आली पायजे, सायेब.
मी गाडीखाली शिरलो. पट्टी सैल होतीच. म्हणजे माझं बरोबर होतं. सिंधु हाक मारत आली, पोरगी निघाली, बाहेर या. म्हणालो, दोन मिनिटं. रविकांत आला. म्हणाला, दाजी, समदे थांबल्यात. त्यालाही दोन मिनिटं सांगितली. बाहेर रडारड सुरू झाल्याचं ऐकू येत होतं. पट्टी हातात आलेली असताना सोडता येत नाही.
मग माझ्या पायांना कुणाचा तरी हात लागला. दोन्ही पायांना. जरा वेळ तसाच राहिला. मला वाटलं, भाच्यांपैकी कोणी. म्हणालो, दहाचा पाना दे.
मग गाडीखाली एक हात आला आणि त्याने पाना दिला. हाताला मेंदी होती, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.
दिसली मला मेंदी. मी पाना घेतला. पट्टीला लावला, बसेना. तरी पिरगाळत राहिलो. पडल्या पडल्या काय बोलायचं ते सुचेना, आणि बाहेर निघालो असतो तर सगळ्यांसमोर रडलो असतो.
बाहेर निघालो तेव्हा पांढरी गाडी गेली होती. नवरा-नवरी मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसून गेले म्हणे. सिंधु मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. माझ्या पाठीची माती झटकली. रागावली असती तर बरं झालं असतं.
आता सुकन्याचा फोन आला. लोह्याच्या पुढे आहेत. गाडीत सगळे एकदम बोलत होते. तिने विचारलं, पप्पा, पाना बरोबर दिला ना मी?
अगदी बरोबर, म्हणालो.
बाराचा होता.