वाळूचा चहा

छत्रपती संभाजीनगर,
दि. ६ एप्रिल २०२५

चि. सौ. सरिता हिस सप्रेम जय भीम व अ. उ. आ.

तुझ्या सूचनेप्रमाणे अंगणात विटांचा चौकोन बांधून वाळू भरून घेतली. ती दोनदा चाळली, धुतली, वाळवली आणि वरून फळी फिरवून सपाट केली. सर्दीच्या भयास्तव पाणी वर्ज्य ठेवले आहे. वेळ पाच ते साडेपाच अशी नेमली आहे. आमच्या संघपालची चार वर्षांची कन्या आम्रपाली त्या काठावर हाताची घडी घालून बसते व माझ्याकडे पाहत राहते. तुझी बहीण गेल्यापासून पोर माझ्याशी केवळ मान हलवून बोलते.

सूनबाई मेघाने काल अतिशय सौम्यपणे सांगितले, की पोर इथे कोमेजते आहे. जूनपासून तिला दिवसभर पाळणाघरात ठेवावे. तिचे म्हणणे अयोग्य नाही. मग दिवसा या घरात कोण असेल, हे मी विचारले नाही.

फोनऐवजी पत्र लिहितो म्हणून हसू नयेस. फोनवर तुझा आवाज हुबेहूब करुणासारखा येतो.

तुझा,
दाजी

•

पैठण,
दि. ११ एप्रिल

ती. दाजींना सप्रेम जय भीम.

हसू नको म्हणालात, पण बालवाडीतली लेकरं घाबरली इतकी मी हसले. वाळू चाळली, धुतली. इस्त्री तेवढी राहिली बघा! प्राध्यापकी सुटून इतकी वर्षं झाली, तरी अंगणात परीक्षेचा हॉल मांडलात आणि स्वतः पर्यवेक्षक होऊन उभे राहिलात. मीसुद्धा हाताची घडीच घातली असती.

पाणी ओता, दाजी. ओली वाळू मूठ धरते. दाबता-उकरताना बोटांत बळ येतं, उद्या पेन्सिल धरायची ती हीच बोटं. मोठ्या ग्लासातलं छोट्यात मावत नाही, हे पाढ्यांच्या आधी हाताला कळतं. बांधलेलं पडलं तरी कुणी रागवत नाही, पुन्हा बांधता येतं. आणि हात कामात गुंतले की जीभ सुटते. आईसाठी रडणारं नवीन लेकरू मी आधी वाळूतच बसवते. थोड्या वेळानं तेच मला कामं सांगायला लागतं.

खेळायला घरातली खरी भांडी द्या. अक्काच्या भांड्यांच्या कपाटाला तुम्ही कुलूप लावलंय, असं मेघा म्हणाली. त्यावर मी काही बोलत नाही. बोलतेच खरं तर. अक्का कपबशीला कुलूप लावणारी बाई होती का?

माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची थट्टेखोर मेहुणी,
सरिता

•

छत्रपती संभाजीनगर,
दि. १६ एप्रिल

चि. सौ. सरितास अ. उ. आ.

अर्धी बादली पाणी घातले. कपाटही उघडले, परंतु काही देववेना. म्हणून बाजारातून प्लॅस्टिकचा संच आणला. कुलूप लावायचे मात्र राहून गेले. दुपारी पाहतो, तर आम्रपाली चहाची गाळणी घेऊन वाळूत बसलेली. करुणाने त्या शेवटच्या सकाळी विसळून ठेवलेली गाळणी होती ती. मी आवाज चढवला. पोरीने गाळणी खाली ठेवली, हात झटकले व आत गेली.

संध्याकाळी मेघा पाळणाघराची चौकशी करत होती. गाळणी अद्याप वाळूतच आहे. उचलावी की राहू द्यावी, ते कळव. या वेळी हसलीस तरी माझी हरकत नाही.

दाजी

•

पैठण,
दि. २० एप्रिल

ती. दाजींना जय भीम.

नाही हसले.

गाळणीचं ती ठरवेल. तुम्ही फक्त जाऊन वाळूत बसा. खुर्ची टाकून नाही, मांडी घालून. आमच्याकडे मुलगी पाहायला आलात तेव्हा सतरंजीवर रुमाल अंथरून बसला होतात; अक्का वर्षभर त्याची नक्कल करायची. आता रुमाल अंथरू नका.

सरिता

•

छत्रपती संभाजीनगर,
दि. २७ एप्रिल

चि. सौ. सरितास सप्रेम जय भीम व अ. उ. आ.

रुमाल न अंथरता बसलो. पँटची अवस्था लिहीत नाही. आम्रपाली बराच वेळ दारातून पाहत होती. मग जवळ येऊन म्हणाली, की आबा, तुम्ही चुलीवर बसलात. इतक्या महिन्यांतले तिचे माझ्याशी पहिले पूर्ण वाक्य तक्रारीचे होते, आणि ती रास्त होती. मी सरकलो.

मग तिने चहा केला. ओली वाळू चहाची, कोरडी साखरेची. शेजारच्या अनिसाभाभींचा नातू सरफराज कुंपणावरून साखर मागायला आला, त्याला तिने उद्या ये म्हणून सांगितले. ही पद्धत तुझ्या बहिणीची नव्हे, माझी असावी.

एक कप मला, एक तिला. तिसरा भरून तिने वर पान झाकले. तो आजीचा, असे म्हणाली. असत्य बोलणे मला जमले नाही. आजी येणार नाही, असे सांगितले. त्यावर ती म्हणाली, की तिला माहीत आहे, पण चहा तर करायचा असतो ना.

मी चहा घेतला. साखर जास्त झाल्याचे नोंदवले. तिने कप काढून घेतला व दुसरा करून दिला.

मेघा कामावरून आली तेव्हा चप्पल घालून स्वयंपाकघरात आल्याबद्दल पोरीने तिला सुनावले. मेघा वाळूच्या काठावर तशीच उभी राहिली. पाळणाघराचा विषय त्यानंतर निघाला नाही. काल तिने मला विचारले, की पावसाळ्यात वाळूवर पत्रे टाकावे लागतील का.

गाळणी वाळूतच असते. कपाट उघडे आहे. सुटीत ये, आपुलकी आहे तशी ठेव.

आणि फोन केलास तरी चालेल.

तुझा,
दाजी