ठेंगणं दार

२१ नोव्हेंबर १९९९
या घराच्या दाराविरुद्ध मला रीतसर तक्रार नोंदवायची आहे. तोफांच्या माऱ्यातून वाचलेलं डोकं इथल्या चौकटीवर आल्या आल्या आपटलं, आणि सगळे हसले. शेजारचा महादू म्हणाला, लष्करात खाऊन खाऊन लडकू चाळिशीत वाढला रे.

लडकू म्हणजे मी. असं सगळे म्हणतात. डोक्याला लागल्यापासून मला माझं काही आठवत नाही. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, सुचेल ते लिहीत जा. सापडलो तेव्हा अंगातल्या स्वेटरला आतून लडकूचं नाव शिवलेलं होतं. थोरला भाऊ काळूराम ओळख पटवायला आला, तर माझं अर्धं तोंड भाजलेलं, अर्धं दाढीत. त्यानं विचारलं, घर कसं आहे? मी सांगितलं: समोर सिद्धगड, मागे जांभूळ, विहिरीची वरची पायरी हलते. काळूराम रडला आणि मला मुरबाडहून जीप करून घरी घेऊन आला.

पायरी खरंच हलते. हवा छान आहे, नाचणीची भाकरी त्याहून छान. बायको संजीवनी वाढताना वर बघत नव्हती. मी म्हटलं, तुला पालीची भीती वाटते ना? तिच्या हातातली भाकरी पडली.

२५ नोव्हेंबर
माझा पत्ता लागेना म्हणून पावसाळ्यात इथे गवताचा पुतळा जाळून माझे दिवसपाणी उरकले होते. आता मेलेला माणूस पंगतीला बसवायचा कसा? भटजींनी तोड काढली: त्याला पुन्हा जन्माला घाला. आज मिशांसकट माझं बारसं झालं. सकुबाई आत्यानं कानात ‘लडकू’ म्हटलं, घुगऱ्या वाटल्या. नव्या जन्माला मागचं विचारायचं नाही, असा नियम. त्यामुळे मी डाव्या हातानं विळा धरला तरी चालतं, माझी बोली परकी लागली तरी चालतं. पुढच्या रविवारी, पाच तारखेला, त्याच बायकोशी पुन्हा लग्न. सरकारी कामालाही एवढे शिक्के लागत नाहीत.

खरं लिहायचं तर मी दोनदा आरशात पाहिलं.

३० नोव्हेंबर
दुपारी संजीवनी तांदूळ पाखडत बसते आणि म्हणते, आजून काय आठवतं, सांगा ना. मी सांगतो. नवी नवरी असताना तिनं भात करपवला आणि मी तो मुकाट्यानं सगळा खाल्ला. ती ऐकते. माझ्या तोंडाकडे बघते, डोळ्यांकडे कधीच नाही. मी मात्र तिच्याकडेच बघत असतो. या वयात हे शोभत नाही.

आज पुन्हा डोकं आपटलं. एवढं सगळं आठवतं, मग मानेला दार का आठवू नये?

३ डिसेंबर
दुपारी डोळा लागला. जाग आली तर संजीवनी उशाशी, गाल ओले. मी झोपेत बोललो म्हणे — गो, कोंबड्या झाकल्यास का नाय? ही माझी बोली नव्हे. कुणाचा आवाज होता, विचारलं. ती उठून गेली.

माझ्या तोंडात कोण आहे?

४ डिसेंबर
जांभूळ, पायरी, पाल, करपलेला भात. सगळं सांगता येण्यासारखं. न सांगता अंगाला ठाऊक असतं, ते मला काहीच ठाऊक नाही. म्हणजे मला हे कुणीतरी सांगितलं. बर्फात, मला झोप लागू नये म्हणून —

लडकूनं. मी कुडकुडत होतो, त्यानं स्वेटर काढून दिला. शेवटची तंबाखूची चिमूटही. परत करीन म्हटलं. तो हसला. मग हसला नाही.

संजीवनीला सांगितलं. तिला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी, दारात डोकं आपटलं तेव्हाच. त्यांची मान आपसूक वाकायची, म्हणाली. मग मला ठेवून का घेतलं? म्हणाली, तुमच्या तोंडून ते बोलतात. तुमाला तुमचं नाव गावलं की ते मरतील. पुन्यांदा जाळायला माझ्यात बळ नाय.

नाव गावलं आहे. सकाळी विहिरीवर. आठवलं, कुणी बाई मला त्या नावानं हाक मारत होती. कुठेतरी अजून वाट बघते आहे. लिहायला पेन्सिल उचलली, तर संजीवनीनं हात धरला. लिवू नका. निदान उद्यापर्यंत.

नाही लिहिलं. तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.

५ डिसेंबर
मुंडावळ्या बांधल्या. नाव गेलं. सकाळपासून शोधतो आहे — ती बाई दिसते, तिचे ओठ हलतात, शब्द —

बाहेर निघालो. मान आपसूक वाकली.

ओढ्याकाठी, पुतळा जाळला तिथे. महादूकडून तंबाखू आणली. चुना लावला, मळली. काळ्या पडलेल्या दगडावर ठेवली. चिमूटभरच.

फिटलं. घेणारा, लडकू. देणारा —