‘टाकलेली’ हा शब्द

सातारा, सोमवार, दिवेलागण, १९४८

वकिलांनी आज आक्काच्या अर्जात ‘नवऱ्याने टाकलेली’ असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. आक्का उठून उभीच राहिली. "टाकाय मी काय उष्टी पत्रावळ हाय? मीच सोडलंय त्याला. तसं लिवा."

"बाई, नव्या कायद्यानं घटस्फोट मिळतो, पण कारण लागतं. तुम्हीच घर सोडलं म्हणालात, तर कोर्ट परत नांदायला जा म्हणेल."

टाकलेली. गावात उठताबसता म्हणतात. मला आजवर कसा टोचला नाही हा शब्द? वकिलांच्या खिडकीतून अजिंक्यतारा काय सुरेख दिसतो! पण ते असो.

"मग का सोडलंत?" वकिलांनी विचारलं. आक्काच्या आधी मीच सांगितलं. दाजींनी सांगलीत दुसरी बाई ठेवलीय. मी तिकडं हिंडत असताना त्यांच्या घरी गेलो, तर तिनंच मला पाणी दिलं.

वकील खुर्चीत सरसावले. "अहो, हे कारण कायद्यात आहे! ‘टाकलेली’ खोडतो. पण साक्ष तुमची लागेल. तारखा पडतील, वर्षभरसुद्धा."

वर्षभर! मी कुठल्या गावात महिनाभर तरी टिकलोय? गोव्याला जायचं ठरलंय, सोबत येणारा गडी वाट बघतोय. तरी म्हणालो, "हाय मी."

आक्का वकिलांनाच म्हणाली, "सायब, त्येची साक्ष लिवून सही आत्ताच घ्या. उद्या ह्यो कुठं आसंल, कुणाला ठावं."

सही केली. शाई वाळेपर्यंत ती त्या कागदाकडं बघत होती. माझ्याकडं नाही.