कापडावर नसलेली ओळ

लिमरिक,
१४ नोव्हेंबर

प्रिय आई,

रविवारी फोनवर बोललो, मग आता पत्र कशाला, असं म्हणशील. म्हण. फोनवर तुझा चेहरा समोर येतो आणि माझी दातखीळ बसते. शिवाय तू किराणाची जुनी यादीसुद्धा टाकून देत नाहीस, तेव्हा हेही जपशील.

माझ्या जपानीच्या क्लासला तू नसते उद्योग म्हणायचीस. त्याच उद्योगावर शॅननच्या कारखान्यात मी जपानी यंत्रांची माहितीपुस्तकं इंग्रजीत आणते. पण सप्टेंबरमध्ये शेजारच्या नोराने एक वेगळंच काम आणलं. नोरा ब्याऐंशी वर्षांची. तिचे वडील ब्रिटिश फौजेतून ब्रह्मदेशात लढले होते. इथे आयर्लंडमध्ये तेव्हा ब्रिटिशांसाठी लढणं ही सांगायची गोष्ट नव्हती, त्यामुळे ते जन्मभर गप्प राहिले. त्यांच्या कपाटात (इथले लोक त्याला प्रेस म्हणतात) शर्टांच्या तळाशी एक जपानी झेंडा घडी करून ठेवलेला होता. मध्ये लाल गोळा, भोवती शाईने लिहिलेली नावं. तिकडे मुलगा युद्धावर निघाला की घरचे, शेजारी, शाळेतले सगळे झेंड्यावर सह्या आणि शुभेच्छा लिहायचे आणि तो ते कापड अंगावर बाळगायचा. एका कोपऱ्यात तपकिरी डाग आहे. नोराच्या वडिलांनी झेंडा कुणाच्या अंगावरून घेतला, हे विचारायची गरजच नव्हती.

तीन शनिवार मी भिंग घेऊन बसले. रणात तुझं भाग्य टिको. शत्रूचा नाश कर. देशासाठी झट. एकोणचाळीस नावं आणि सगळीकडे हेच. नोरा शेजारी चहा गार करत बसलेली. घरच्यांनी काय लिहिलंय, म्हणून तिने इतक्या आशेने विचारलं की माझ्या तोंडून निघून गेलं, सुखरूप घरी ये असं लिहिलंय. ती रडली आणि म्हणाली, ग्रँड (इथे छान, बरं, सगळ्यालाच ग्रँड म्हणतात), मग ते आपल्यासारखेच होते. मला बरं वाटलं. भाषांतर करणाऱ्याने हे कधीही करू नये, आई.

गेल्या आठवड्यात तिने त्या मुलाच्या घरच्यांना पत्र लिहिलं. असे झेंडे परत पोचवणारी माणसं आहेत, त्यांच्यामार्फत पाठवायचं. जपानीत मीच करायचं होतं. पहिलीच ओळ होती, तुम्ही त्याला सुखरूप परत ये म्हणालात आणि माझे वडील आडवे आले, क्षमा करा. माझं खोटं मलाच जपानीत लिहायची वेळ आली. झेंड्यावरचं वाचता येणाऱ्या माणसांना ते कसं पाठवणार? मी तिच्याकडे जाऊन सगळं कबूल केलं.

नोरा रागावली नाही, ते जास्त लागलं. एवढ्या माणसांत कुणीच नाही, असं तिने दोनदा विचारलं. मी सांगितलं की तेव्हा चारचौघांत परत ये लिहिणं लाजिरवाणं होतं, मनात असलं तरी. तिने कापडाची घडी घातली. मग म्हणाली, कुणी म्हणालंच नाही, तर पोराला परतायचं धैर्य कुठून यायचं? घरी येऊन मी ढसाढसा रडले. त्या मुलासाठी नाही.

अंबरीश आणि मी इकडे यायला निघालो तेव्हा तू सोसायटीभर वही फिरवली होतीस, आठवतं? यशस्वी हो, नाव काढ, जोडीने भरभराट करा. शेवटच्या पानावर तुझं अक्षर, मागे वळून पाहू नकोस. ती वही काल मी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

अंबरीश ड्युटीवर आहे, असं मी दर रविवारी सांगते. तो आठ महिन्यांपूर्वी लेटरकेनीच्या हॉस्पिटलात नोकरीला गेला, तिथे तो एकटा राहत नाही आणि त्याला माझ्याकडे यायचं नाही. भांडून झालं, विनवून झालं. आता या घरात मला एकटीला राहवत नाही. तुझ्या मैत्रिणींना काय सांगायचं ते आपण मिळून ठरवू, खोटं मला चांगलं जमतं. वहीत तुझ्या ओळीखाली जागा आहे. उत्तरात मोठं काही लिहू नकोस, फक्त परत ये एवढंच लिही.

तुझीच,
नंदू