डाव्या बाजूचा ट्रक

११ फेब्रुवारी २००७, रविवार. बल्लारपूर
दिलीप आज जेवताना आपणहून बोलला. (तोंडाने मी नाव घेत नाही, पिंकीचे बाबा म्हणते. वहीत घेते. वही काही सासूबाईंना सांगायला जात नाही.)
काल पिंकीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी सायबर कॅफेत घेऊन गेला होता. बाजूच्या टेबलावर कॉलेजातला कुणी ट्रक चालवायचा खेळ खेळत होता. पिंकीचं काम आटोपलं तरी हा तिथेच उभा. म्हणे, "गिअर लय उशिरा टाकून राह्यला होता थो. लोड भरून असला का चढावाच्या आधीच टाका लागते."
गेल्या ऑगस्टात, तान्ह्या पोळ्याला खाणीत याचा डंपर उलटला, तेव्हापासून घरात गिअर हा शब्द कुणी काढला नव्हता. मी भाजी वाढत राहिले. वर बघितलं असतं तर गप्प झाला असता.

१५ फेब्रु.
हाताचं हाड केव्हाच जुळलं. पण गाडीला हात लावत नाही. खाणीत टाइम ऑफिसात हजेरी लिहायला बसवलंय, बसने जातो, बसने येतो. अंगणातली स्कूटर माझ्या जुन्या साडीखाली. जूनमध्ये पुन्हा ट्रायल आहे. तेव्हा डंपर चालवला नाही तर कायमचं टेबल.
पगार कमी होईल, होऊ दे. फॉल-पिको आहे माझं. पण हा माणूस पूर्वी फाटकातूनच सुरू व्हायचा, आज काय झालं, कोण काय म्हणालं. मी कानात बोटं घालायची. आता फाटक वाजतं, तेवढंच.
मला त्याची बडबड परत पाहिजे. दुसरं काही नको.

२० फेब्रु.
दोनदा एकटाच कॅफेत जाऊन आला. खेळत नाही, मागे उभा राहून बघतो. "बसा ना मंग एखाद्या टेबलावर," म्हटलं.
"पोट्ट्यायच्या मंधात? लोक हासन ना."
म्हणजे कॉम्प्युटर घरी पाहिजे.

२ मार्च
अन्सारभाईंकडे गेले. टीव्ही दुरुस्त करतात, आता कॉम्प्युटरही जोडून देतात. "पिंकीच्या अभ्यासासाठी ना, भाबी?" म्हटलं, हो. नवऱ्याला ट्रक खेळायचाय हे कोणत्या तोंडाने सांगू? त्यांच्याकडचाच जुना मॉनिटर, जुना सीपीयूचा डबा. स्वस्तात जमलं. मी खूश.

९ मार्च
कॉम्प्युटर आला. कुंकू लावलं, नारळ फोडला (बाहेर, पिंकीने आत फोडू दिला नाही).
"कायले आणला?" "पिंकीले." पिंकीने बापाकडे बघितलं आणि सरळ कॅफेवाल्याकडून आणलेली ट्रकची सीडी घातली. हुशार कार्टी.
दिलीप बसला. ट्रक निघाला, पण अडखळत. बाण दाबला की जरा वेळाने वळायचा. झाडावर गेला. पुन्हा झाडावर. तिसऱ्यांदा गेला तसा उठला, अंगणात नळाजवळ जाऊन बसला. नळ सोडून हात पाण्याखाली धरले. मी शेजारी जाऊन बसले.
"मी वळवतो अन् थे मागून वळते," म्हणाला. मग नळ बंद करून, "तसंच झालं होतं. स्टेअरिंग फिरवलं. गाडीनं आयकलंच नाई."
सात महिन्यांत हे कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरलाही नाही. आणि मी ते पुन्हा घरात आणून मांडलं. आपल्याच हाताने.

१० मार्च
अ.भाईंना खरं सांगून टाकलं. हसतील वाटलं. हसले नाहीत. डोक्यावरची टोपी काढून ठेवली, म्हणाले, "पैलेच सांगाचं ना भाबी. हे अभ्यासाचं मशीन आहे. खेळाले ताकद लागते. ग्राफिक कार्ड लागन, रॅम लागन, पॉवर सप्लाय मोठा लागन. मंग बटन दाबलं का ट्रक लगेच आयकन."
नवीन सगळं घ्यायचं तर माझ्या आवाक्याबाहेर. तेच म्हणाले, नागपूरला ओळखीचा एक जण जुनी कार्डं ठेवतो, तपासून आणतो.
एप्रिलची भिशी माझी आहे. त्यातून मोटरवाली पिको मशीन घ्यायची होती. असू दे. पाय धड आहेत माझे, पायानेच चालवीन.

८ एप्रिल
अ.भाई सकाळच्या गाडीने नागपूरला गेले, संध्याकाळी आले. कार्ड दुपट्ट्यात गुंडाळून, मांडीवर ठेवून आणलं. "घ्या भाबी, इंजिन." जोडायचे पैसे घेईनात. ईदला घेतलेले बायकोचे दोन ब्लाउज बिनशिवलेले पडून आहेत, ते शिवून द्या म्हणाले. अस्तरासकट देणार.

९ एप्रिल
दिलीप बसेचना. पिंकीने हात धरून बसवला. बाण दाबला. ट्रक वळला. तेव्हाच वळला. सोडला तर सरळ. दहा वेळा तेच केलं, डावीकडे, सरळ, डावीकडे, सरळ. पुढे जाईना.
"आयकते वं," म्हणाला. माझ्याकडे न बघता.
मग निघाला आणि समोरून आलेल्या पहिल्याच मोटारीला ठोकलं. मग दुसरीला. मग एका बसगाडीला. "हे सारे उलटे येऊन राह्यले ना!" पिंकी हसून हसून खाली बसली. "बाबा, परदेशातला खेळ आहे, त्यांच्याकडे उजवीकडून चालवतात!"
"चालवू दे त्याहिले."

२२ एप्रिल
रोज जेवणाआधी बसतो. अजूनही डावीकडूनच! समोरून कुणी दिसलं की ट्रक शेतात उतरवतो, त्याला जाऊ देतो, पुन्हा रस्त्यावर. माल कुठेच वेळेवर पोचत नाही. खेळातले पैसे कापले जातात, पिंकी डोकं धरते.
आज मीच म्हटलं, "खेळच आहे ना, चालवा ना उजवीकडून. काय जाते?"
"हात बिघडते. एकडाव उजवी सवय लागली का मंग खाणीत काय करू?"
बोलला आणि स्वतःच थांबला. मी सुईत दोरा ओवत होते. काही ऐकलंच नाही असं दाखवलं. दोरा काही केल्या जाईना.
मग खाणीत. मग खाणीत म्हणाला तो!
न्हाणीत जाऊन रडले. तोंड धुऊन आले. कुणी विचारलं नाही, बरं झालं.

६ मे
ऊन असं की नळाचं पाणी हाताला चटकते. कॉम्प्युटर चालता चालता आपोआप बंद. मी शहाणी, कूलर ओढून त्याच्या तोंडाशी लावला. अ.भाई आले ते ओरडतच, "भाबी! ओल्या हवेनं जंग चढन ना आतमंधी!" पुसून, वाळवून दिलं. वाचलं. आता डब्याचं झाकण उघडं, टेबल फॅन त्याला, कूलर बंद, आणि आम्ही तिघं डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन.
तरी बंद पडतोच. "इंजिन तापलं का थांबाच लागते," दिलीप म्हणतो, आणि थंड होईस्तोवर बोलत बसतो. पावसाळ्यात खाणीतला रस्ता कसा घसरतो. लोड घेऊन चढताना खालचा माणूस कसा मुंगीएवढा दिसतो. पहिल्या दिवशी भीतीने डबा कसा खाल्ला नव्हता. पंधरा वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं.
देवा, रोज तापू दे रे ते इंजिन.

२० मे
लाईट नाही दिवसभर. दिलीप बंद पडद्यासमोर बसून पिंकीला शिकवत होता, आरसा आधी, मग हॉर्न, मग वळण. पिंकी: "बाबा, लाईट तर येऊ द्या!" "लाईट असताना सारेच चालवतेत."

१० जून
स्कूटरवरची साडी काढली. धुतली, पुसली, टायरात हवा भरून आणली, ढकलत नेऊन ढकलत आणली. सुरू केली नाही. मी चहा नेऊन दिला. साडी घडी करून आत ठेवली. पुन्हा घालायला मागितली नाही.

१७ जून
उद्या ट्रायल. कॉम्प्युटरला हात लावला नाही. पिंकी म्हणाली, एक फेरी मारा बाबा. "आज नाई वं. आज हात थंड ठेवतो."
जेवला नीट. भात दोनदा घेतला.

१८ जून, सोमवार
पहाटेच उठून बसला होता. डबा दिला. मला वाटलं बसने जाईल. चप्पल घातली, फाटकापर्यंत गेला, परत आला. खिळ्यावरची किल्ली काढली.
"येऊ का मी मागे? नदीच्या पुलापर्यंत?"
"काऊन? मी का लहान हावो?" मग जरा थांबून, "तू घरीच राय. येतो मी."
चौथ्या किकला स्कूटर सुरू झाली. कोपऱ्यावर हॉर्न दिला. तिथे कुणीसुद्धा नव्हतं.
आता दुपार. हाताला काम लागत नाही. पिंकी विचारते, "आई, बाबा डंपर चालवतील ना?" म्हटलं, मला नको विचारू, मला काय माहीत. ऐन वेळी हात थरथरले तर? गाडीने नाही ऐकलं तर?
नदीचा पूल ओलांडताना डावीकडून गेला असेल. एवढं मात्र सांगते, डावीकडूनच गेला असेल.
कान फाटकाकडे आहेत.