माझ्या नावाच्या गोळ्या

प्रिय मिलिंद,

हे पत्र तुला केसरीनाथकाकांच्या हातून मिळेल. त्यांचा टेम्पो आमच्या गोदामातला माल घेऊन चाकणला येतो, म्हणजे पोस्टापेक्षा लवकरच पोचेल. हे सगळं फोनवर बोलणं मला जमलं नसतं. आपल्या एका खोलीत आईला ऐकू जाणार नाही असा कोपरा कुठे आहे? मेसेज केला तर तू ‘ओके ताई’ लिहून मोकळा होतोस. म्हणून जेवणाच्या सुट्टीत इथे वडप्याच्या गोदामातच एका खोक्यावर कागद ठेवून लिहायला बसलेय. मध्येच सोडून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

तू दर रविवारी विचारतोस, आई कशी आहे. मी सांगते, बरी आहे. बरेच दिवस ते खरंच होतं. सकाळी अंघोळ करून बुद्धवंदना म्हणायची, शेजारच्या आनंदीबाईंशी नळावरून भांडायची, मला म्हणायची, “तुझ्या हातची भाकर म्हणजे चामडं हाय.” हे ऐकलं की मला बरं वाटायचं. ती कुणाला नावं ठेवते म्हणजे ठीक आहे, हे आपल्या घरातलं थर्मामीटर. फक्त दाराबाहेर पाऊल टाकत नव्हती. विहार गल्लीच्या टोकाला आहे, तिथेही नाही. बाहेर काय आहे, विचारलं तर म्हणायची, “पॉवरलूमचा आवाज इथं येतो तेवढा पुरे.”

ठाण्याच्या हॉस्पिटलातून तिला सोडलं तेव्हा लिथियमच्या गोळ्या चालू ठेवा, असं सांगितलं होतं. इथल्या सरकारी दवाखान्यात दर बुधवारी मनाचे डॉक्टर येतात, त्यांच्याकडून घेत जा, म्हणाले. तू तोवर चाकणला गेला होतास. सुरुवातीला मी एकटी जाऊन गोळ्या आणायचे. तेव्हाचे डॉक्टर म्हातारे होते. आई कशी आहे एवढं विचारायचे आणि लिहून द्यायचे. मग त्यांच्या जागी नवे आले. त्यांनी पहिल्याच बुधवारी सांगितलं, पेशंटला बघितल्याशिवाय ही गोळी देणार नाही, ती चालू असली की रक्त तपासत राहावं लागतं. बोलणं त्यांचं बरोबर होतं, पण आई हलेना. “मला परत त्या रांगेत न्हाय बसवायचं,” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग मी आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. ते घरी आले, आईला ताकदीचं सलाईन लावलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाले, ही गोळी मी लिहू शकत नाही, स्पेशालिस्टची चिठ्ठी आण. स्पेशालिस्ट म्हणतात, पेशंट आणा. पेशंट म्हणते, येत नाही. आणि डब्यातल्या गोळ्या संपत आल्या होत्या. गोळ्या बंद झाल्या की काय होतं ते तू पाहिलंयस. घरातली सगळी भांडी तिने रस्त्यावर वाटून टाकली होती, तो दिवस तुझ्या लक्षात असेल.

त्या बुधवारी खिडकीवरच्या बाईने मान वर न करता विचारलं, पेशंट कोण? मागून लोक ढकलत होते. मी म्हटलं, मीच. ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघून गेलं आणि तिने लिहून टाकलं, धम्मदिना, स्त्री, वय एकतीस. आत गेल्यावर सोपंच होतं. आईचं सगळं मला पाठ आहे. झोप येत नाही, डोक्यात विचार धावतात, मग महिनाभर उठावंसंच वाटत नाही. ते मी माझं म्हणून सांगितलं. आधी ठाण्याला हीच गोळी चालू होती, असंही सांगितलं. डॉक्टरांसमोर इतकी गर्दी होती की त्यांनी माझ्याकडे नीट बघितलंही नसेल, मागे मलाच परत पाठवलं होतं हे आठवणं तर दूरच. बाहेर आले तेव्हा गोळ्या हातात होत्या आणि मला हसू येत होतं. असं वाटलं, किती सोपं होतं, उगाच घाबरले.

दर महिन्याला एक बुधवार मी पेशंट व्हायला लागले. सुपरवायझर मनोज चिडवायचा, “काय गं, दर महिन्याला स्थळं बघायला जातेस काय? पसंत कर एकदाचं कुणाला.” मी म्हणायचे, पसंत आहे, त्यालाच वेळ नाही. सगळे हसायचे.

मग डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रक्त माझंच घेतलं, दुसरं कुणाचं घेणार? पुढच्या महिन्यात ते म्हणाले, तुमच्या रक्तात गोळीचा पत्ताच नाही, तुम्ही गोळ्या घेत नाही. मी म्हटलं, घेते. ते म्हणाले, “मशीन खोटं बोलतं का मग?” त्यांनी नीट घ्यायला बजावलं आणि त्या महिन्यात आई थोडी अस्वस्थ होती, ते मी माझं म्हणून सांगितलं होतं, म्हणून गोळीही वाढवून दिली. घरी येऊन मी विचार केला. रक्त माझं होतं हे मला कळत होतं. पण आईची झोप पुन्हा उडाली होती, आणि डॉक्टरांनी आईचीच लक्षणं ऐकून वाढवली आहे ना, असं मी स्वतःला समजावलं. वाढवलेली गोळी मी तिला माझ्या हाताने दिली.

मे महिन्यात पत्र्याखाली काय उकडतं ते तुला माहीत आहे. आईला जुलाब लागले. मग हात थरथरायला लागले. आधी कपातला चहा बशीत सांडायचा, मग बशीतला अंगावर. बोलणंही जड झालं, दारू प्यायल्यासारखं. आनंदीबाई म्हणाल्या, उन्हाचं आहे, कांदा ठेव उशाशी. नगरपालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टर रीमा मॅडम तापाच्या सर्व्हेला गल्लीत आल्या होत्या, त्यांना आनंदीबाईंनीच आत आणलं. मॅडमनी आईचे हात पुढे करायला लावले, जीभ बघितली आणि मला विचारलं, हिला कुठली गोळी चालू आहे? मी म्हटलं, कुठलीच नाही. कागदावर खरंच नव्हती. त्यांनी मीठसाखरेचं पाणी सांगितलं, चपला घातल्या आणि दारातून परत विचारलं, “नक्की ना?” मी हो म्हटलं.

त्यानंतर मी आईच्या हातांकडेच बघत बसले. खरं सांगितलं तर गोळ्या बंद होणार, माझ्यावर पोलीस वगैरे काय होईल कुणास ठाऊक. नाही सांगितलं तर मीच तिला रोज विष देते आहे. गोळी द्यावी की न द्यावी हेही विचारायला कुणी नव्हतं, कारण ज्याला विचारायचं त्याच्यासमोर मीच पेशंट होते.

दुसऱ्या दिवशी ड्युटी सोडून रीमा मॅडमच्या दवाखान्यात गेले आणि सगळं खरं सांगितलं. मॅडम ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, “आज सकाळची दिलीस?” मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्यासमोरच बुधवारच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून आवाज चढलेला मला ऐकू येत होता. मॅडम म्हणाल्या, “सर, रागवा नंतर, आधी पेशंटचं सांगा.” गोळ्या तिथल्या तिथे बंद झाल्या. दुपारी दवाखान्यातली मुलगी घरी येऊन आईचं रक्त घेऊन गेली. या वेळी आईचं. रिपोर्ट वाईट आहे, गोळी रक्तात फार साठली होती, पण वेळेत सापडलं, पाण्याने आणि दिवसांनी उतरेल, असं मॅडम म्हणतात. रोज येऊन बघून जातात. उलट्या झाल्या किंवा गुंगी आली तर लगेच हॉस्पिटल, असं बजावलंय. थरथर आता कमी आहे.

पण गोळ्या बंद आहेत, मिलिंद. काल पहाटेपासून ती कपाट आवरते आहे. भांडी खाली काढून ठेवली आहेत. कशाची सुरुवात आहे हे तुला सांगायला नको. बुधवारचे डॉक्टर फोनवर नवी गोळी सुरू करायला तयार नाहीत. आईला एकदा समोर बघू द्या, म्हणतात. एकदा त्यांनी बघून लिहून दिलं की पुढचं सगळं रीमा मॅडम त्यांच्या दवाखान्यातून देतील, अडलं तर त्याच फोन करतील. एकदाच जायचं आहे. येत्या बुधवारी.

मी आईला सगळं सांगितलं, माझं नाव लावलं तेही. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, “मिल्या येईल तर येते.” मला वाटलं, नीट ऐकलं नाही मी. तुला वाटतं ना, तिला तुझं तोंड बघायचं नाही. म्हणून तू दिवाळीलाही येत नाहीस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. ठाण्याला न्यायला तिला टेम्पोत घालताना गल्लीतल्या चौघांनी धरलं आणि ओढणीने हात तू बांधलेस, हे आपण तिघं आजवर कधी बोललो नाही. काल ती आपणहून बोलली. म्हणाली, “बाकीचे आवळा म्हणत होते. त्यानं सैल बांधलं. मी सोडवू शकले असते. त्याच्यासाठी न्हाय सोडवलं.”

मंगळवारी संध्याकाळपर्यंत ये. सोबत कुणाला आणू नकोस. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी करू, तिथपर्यंत ती चालत येईल म्हणते. तू फक्त बाजूने चालायचं आहेस. केसरीनाथकाका मंगळवारी दुपारी चाकणहून रिकामे परततात, त्यांना मी सांगून ठेवलंय, पुढची सीट तुझी आहे.

तुझीच,
धम्माताई