नोंद क्रमांक २११७

१२ जानेवारी

आज दुपारी सव्वाबारा वाजता माझं आयुष्य बदललं. वेळ लिहून ठेवतो. खालच्या गिरणीत बाजरी दळत होती, आख्खी खोली थरथरत होती.  

झालं असं — सूर्यभान गुरुजींची सोयरिकीची वेबसाईट मी विकत घेतली. तिसगावचे रिटायर्ड मास्तर. बारा वर्षं चालवली त्यांनी. आमच्या भागातल्या पोरापोरींचे बायोडाटे तिच्यावर. आता डोळ्यांना दिसत नाही म्हणाले. मोटरसायकल विकून आलेले पैसे त्यांच्या हातावर ठेवले, त्यांनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर पासवर्ड लिहून दिला. झालं खरेदीखत! ना तलाठी, ना शिक्का. अट एकच घातली — "महिनाअखेरपर्यंत नाव माझंच राहू दे, कानिफ. लोकं मला बघून लेकीबाळींचे फोटो देतात."

राहू दे की. नावाचं काय लोणचं घालायचंय.

माझा धंदा सोपा आहे. लोक भाकड म्हैस घेतात, चारापाणी करतात, दुधावर आली की बाजारात उभी करतात. मी वेबसाईट घेतो. शेळीपालनाची घेतली, विकली. दहावीच्या प्रश्नपत्रिकांची घेतली, विकली. गिऱ्हाईक एकच बघतं — महिन्याला माणसं किती येतात. आलेख चढता दिसला की पैसे. ही तिसरी. ही विकली की हातात रक्कम येणार, आणि मग मी थेट कॉलेजातल्या आरतीच्या वडिलांपुढं, भिमाजी अण्णांपुढं, जाऊन उभा राहणार. डिग्री नाही, पण हे बघा! असं काहीतरी बोलणार. वाक्य अजून जुळत नाही.

तर सव्वाबाराला पासवर्ड टाकला. नोंदी बघत खाली गेलो. नोंद क्रमांक २११७.

आरती.

मागं स्टुडिओतला निळा धबधबा, अंगावर हिरवी साडी. उभी अशी, जणू आधार कार्डाचा फोटो काढायला आलीय.

१३ जानेवारी

बायोडाटा पाठ झाला. उंची पाच फूट तीन. रंग निमगोरा. (फोटोवाल्यानं गोराच केलाय. तो धबधब्यालासुद्धा गोरा करेल.) रास कन्या. देवक, मामाचं कूळ, सगळं जागच्या जागी. अपेक्षा: पदवीधर, नोकरीवाला, निर्व्यसनी. शेती असावी, शेतात काम नसावं.

वा भिमाजी अण्णा! सासरेबुवा, जमीन पाहिजे पण पायाला माती नको! निर्व्यसनी तेवढा मी बसतो. चारातलं एक. दहावीला माझं गणित याच्यापेक्षा बरं होतं.

पदवीधर मी असतो की. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला सर तिला सगळ्यांसमोर नको ते बोलले, मी कीबोर्ड टेबलावर आपटला. दोन तुकडे. माफीनामा लिहून द्या म्हणाले. मी दाखला मागितला. बाहेर व्हरांड्यात आरती काय म्हणाली? "तुला कुणी सांगितलं होतं?" थँक्यू म्हणायची तिची पद्धत असेल!

त्याला दीड वर्ष झालं. ती पास झाली. मी गिरणीवर राहतो.

१४ जानेवारी

संक्रांत. मोबाईलवर तिळगुळाची एकशे बारा चित्रं आली. तिचं नाही.

१७ जानेवारी

गिऱ्हाईक लागलं! पुण्याचा रविराज. असल्या साईट घेऊन पुढं मोठ्या कंपन्यांना विकतो. म्हणजे मी म्हशीचा दलाल आणि हा दलालांचा दलाल. प्रत्येक वाक्याला 'ब्रो'.

"ब्रो, साईट जुनी आहे, विश्वास आहे, पण आलेख झोपलाय. महिनाअखेरपर्यंत जरा उठव ना त्याला."

"उठवतो."

"आणि मुलींचे नंबर चालू आहेत ना? बंद नंबरांना भाव नाही."

 म्हणालो, चालू आहेत. धंदा आहे बाबा. हळवं होऊन चालत नाही.

एकतीस तारखेला अकरा वाजता इथं केडगावला येऊन ताबा घेणार.

२० जानेवारी

आलेख उठवायला बसलो होतो. नवीन फोटो टाकले, साईट मोबाईलवर नीट उघडेल अशी केली. मधेच — अगदी सहज हं — २११७ उघडली.

खाली हिरवी पट्टी. "पसंती: दोन्हीकडून." मुलगा ओम, राळेगणसिद्धी. सुप्याला कंपनीत इंजिनिअर. फोटोत कंपनीचं ओळखपत्र गळ्यात. स्थळाच्या फोटोत! माणूस झोपतानापण घालत असणार. कांद्याचं रान, घरी गाई, भाऊ डेअरीवर. सुशील, होतकरू, मनमिळाऊ. इतके गुण एकाच घरात ठेवायला जागा कुठून आणली?

पुढच्या रविवारी बघायला येणार. म्हणजे सव्वीस तारखेला. प्रजासत्ताक दिनी आमच्या आरतीला ताटात पोहे देऊन पोरापुढं बसवणार. सासरेबुवांनी दाबून होकार घेतलाय, दुसरं काय! ओळखतो मी तिला. ही असल्या ओळखपत्राला हो म्हणणारी नाही.

काहीतरी केलं पाहिजे.

२१ जानेवारी

केलं.

नोंद काढून टाकावी तर गुरुजींना कळेल. मग दिसलं — प्रत्येक नोंदीपुढं एक बटण आहे, 'लग्न जुळले'. ते दाबलं की नोंद यादीतून जाते. आवाज नाही, रक्त नाही. हिरवी पट्टीपण गेली! ओमभाऊ, गाईंच्या धारा काढा.

आज पोटभर जेवलो. मेसच्या मावशींनी दोनदा विचारलं, काय नोकरी लागली का?

२२ जानेवारी

वाट लागली.

ते बटण नुसतं बटण नाही. गुरुजींनी बारा वर्षांपूर्वी कुणाकडून तरी करून घेतलंय — लग्न जुळलं की दोन्ही घरी आणि त्या स्थळाची चौकशी केलेल्या सगळ्यांना आपोआप मेसेज जातो. "चि. सौ. कां. आरती यांचा विवाह जुळला. हार्दिक अभिनंदन! — सूर्यभान गुरुजी." लोकांनी उगीच फोन करून त्रास देऊ नये म्हणून. किती सोयीचं!

चौकशी केलेली माणसं एक्केचाळीस. एक्केचाळीस घरी मेसेज गेला. राळेगणलाही. आणि भिमाजी अण्णांनाही — तुमच्या पोरीचं लग्न जुळलं, अभिनंदन!

आईचा फोन आला तिसगावहून. ती आनंदात. "आरं, त्या भिमाजीच्या आरतीचं जमलं म्हनं! लोकं पेढं मागायला गेली तर त्यो म्हनतो मलाच ठावं न्हाई! आता बापालाच ठावं न्हाई म्हंजी काय समजायचं मानसानं? पोरीनंच परस्पर जमावलं आसंल. व्हय की न्हाई?"

"नाही!" मी ओरडलो.

"तुला रं काय ठावं?"

खरंय. मला काय ठावं.

२३ जानेवारी

गुरुजींचा फोन. मला वाटलं चिडतील. आवाज फळ्यावर लिहिताना असायचा तसाच.

"कानिफ, बटन तू दाबलंस का?"

"नाही गुरुजी. सर्व्हरचा घोळ आहे. दुरुस्ती चाललीय."

"सर्व्हरचा."

"हो."

"बरं," म्हणाले. थोडं थांबून परत "बरं" म्हणाले. फोन ठेवला.

चौथीत मी दुसऱ्याची पट्टी मोडली होती, तेव्हापण दोनदाच बरं म्हणाले होते. मारलं असतं तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी

जग किती रसिक आहे बघा. साईटवर रोज अडीचशे माणसं यायची. काल साडेतीन हजार! आख्खा मुलूख आरतीची नोंद शोधतोय. शेवगाव, पारनेर, आष्टी — सगळीकडून. नोंद दिसत नाही म्हणून परत येतात, परत शोधतात.

रविराजचा फोन: "ब्रो! आलेख उभा राहिलाय! काय केलंस काय?"

"मेहनत," मी म्हणालो.

त्यानं आपणहून भाव वाढवून दिला.

२६ जानेवारी

बघायचा कार्यक्रम झाला नाही. राळेगणवाल्यांनी कालच निरोप दिला — आमच्याशी बोलणी चालू ठेवून दुसरीकडं जमवता, तुमचं तुम्हाला लखलाभ.

मला हवं होतं तेच झालं. तंतोतंत. शेजारच्या शाळेत लाडू वाटले, मी गॅलरीतून बघत होतो. एका पोरानं मलापण दिला. खाल्ला. गोड होता म्हणतात.

२७ जानेवारी

आईचा फोन. आज आनंदात नव्हती.

"बाजारात लई वंगाळ झालं रं. आरतीच्या चुलत्यानं, त्या गोरक्षनं, गुरुजींची गचांडी धरली. भर बाजारात! म्हनला, आमच्या घरातली पोर बदनाम केली, किती पैसं खाल्लं बोल. मास्तर मानूस, टोपी खाली पडली. आन् गुरुजी म्हनले, माझंच बोट लागलं, डोळ्याला दिसत न्हाई मला. हात जोडलं रं त्यांनी. गोरक्षपुढं! त्याला शिकवलाय त्यांनी."

"मग?"

"मग काय? उचलली टोपी आन् गेलं घरी. आता कोन देतंय त्यांना बायोडाटे!"

गुरुजींना ठाऊक आहे. त्या दोन 'बरं'पासून ठाऊक आहे. माझं नाव घेतलं नाही.

आज रागानं काही आपटावंसं वाटलं. खोलीत आपटण्यासारखा फक्त लॅपटॉप आहे. तो विकायचाय.

२८ जानेवारी

आरतीचा फोन आला. दीड वर्षानं! नाव दिसलं तेव्हा मूर्खासारखं आधी केसांवरून हात फिरवला.

"कान्या, साईट तू घेतलीस ना?"

"तुला कुणी—"

"गुरुजींना मोबाईलवर वीज बिल भरता येत नाही. त्यांनी रात्रीतून फोटो बदलले, पान बदललं, माझं लग्न जुळवलं? मी कॉम्प्युटर शिकलेय. तू अर्धा सोडलास, मी पूर्ण केला."

आता मात्र मला राग चढला. म्हणालो, तुझ्यासाठीच केलं! तुला त्या ओळखपत्राच्या गळ्यात बांधत होते, मी सोडवलं तुला!

 तिनं तेच विचारलं. व्हरांड्यात विचारलं होतं तेच. पण या वेळी आवाज चढवून नाही, दमून.

"तुला कुणी सांगितलं होतं रे?"

आणि रडली. मी तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं. प्रॅक्टिकलच्या दिवशीसुद्धा नाही.

म्हणाली, आठ दिवस घरातून बाहेर पडू दिलं नाही. फोन आज मिळाला, तोपण चुलतीचा डोळा चुकवून. मग कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

भिमाजी अण्णांच्या नावानं खूप शिव्या लिहिल्या होत्या इथं. खोडल्या. पोरीला कोंडणारा बाप! याच्यापुढं मी पैसे घेऊन उभा राहणार होतो. राहीनच. एकतीसला पैसे येतात. एक तारखेला जातो, तिला मागणी घालतो. बदनाम झालीच आहे म्हणतात ना? मग मीच करतो लग्न. बसतील गप्प सगळे!

बघा, कसा सगळा हिशेब माझ्याच बाजूनं लागला.

३० जानेवारी

रविराज उद्या अकराला. खोली झाडली. पिठाचा थर लॅपटॉपच्या कडांत पण बसलाय. त्याच्यासाठी शेजारच्या गाळ्यातल्या दुकानातून दोन नवे कप आणले. मागणी घालायला कोणता शर्ट, तेपण ठरवलं. आकाशी.

ताबा देण्याआधी आरतीची नोंद पहिल्यासारखी करून ठेवायची, म्हणजे उद्या त्यानं यादी तपासली तर आकडा कमी भरायला नको. सकाळी करतो. पाच मिनिटांचं काम.

३१ जानेवारी

सकाळी साडेनऊला २११७ उघडली. परत चालू करायची तर नोंदीचा सगळा इतिहास समोर येतो. कुणी भरली, कुणी काय बदललं, तारखेसकट. आधी कधी बघितला नव्हता. फोटोच बघत बसलो होतो.

नोंद भरणारी व्यक्ती: स्वतः. तिच्याच मोबाईलवरून. अपेक्षा, तिनंच लिहिलेल्या.

ओम, राळेगणसिद्धी — पसंती आधी कुणाकडून: मुलीकडून. सोबत निरोप: "तुम्ही लग्नानंतर नोकरी करायला हरकत नाही असं लिहिलंय, ते खरंच का? असेल तर मी घरी बोलते." त्याचं उत्तर: "खरंच. आईपण हो म्हणाली." मग तिचं: "मग मी बाबांना तयार करते. थोडा वेळ द्या." तारखा बघितल्या. बाबांना तयार करायला तिला तीन महिने लागले होते.

रविराजला 'येऊ नका' टाकलं. शिरूर सोडलं होतं त्यानं. शिव्या आल्या. त्यातली एकही शिवी चुकीची नव्हती.

आधी राळेगण. तिथं सांगायचं की बटण मी दाबलं. मग तिसगाव, भिमाजी अण्णांपुढं आणि गोरक्षपुढं, बाजारात सांगायला लागलं तर बाजारात. मग गुरुजी. लग्नाचं काही बोलायचं नाही.

पारनेरची एसटी कितीला आहे माहीत नाही. निघतो. दार ओढून घेतो.